शाळेनंतर कोडिंग आणि डिजिटल डिझाईनचा क्लास: घालावं का, आणि घालायचंच तर काय बघून?

मोगरा_नाशिक

नमस्कार मंडळी, लेक चौथीत आहे, वय नऊ. आमच्या कॉलनीत दोन क्लास सुरू झालेत, एक नुसता कोडिंगचा आणि दुसरा कोडिंग प्लस डिजिटल डिझाईन, आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी पाच ते साडेसहा. वर्गातल्या बऱ्याच मैत्रिणी जातायत म्हणून हिलाही जायचंय. मला यातलं फारसं कळत नाही, बँकेत आहे, एक्सेलपुरता कम्प्युटर येतो, आणि नवऱ्याचं म्हणणं एवढ्यात कशाला, खेळू दे की. पहिल्या क्लासच्या पत्रकावर लिहिलंय 'सहा महिन्यांत स्वतःचं अ‍ॅप', दुसऱ्याच्या पत्रकावर सॉफ्टवेअरची नुसती यादी आहे, स्क्रॅच, पायथन, कॅनव्हा, टिंकरकॅड, ब्लेंडर आणि शेवटी एआय. हे सगळं नऊ वर्षांच्या मुलीला एका वर्षात? ज्यांची मुलं जातात किंवा जे स्वतः शिकवतात त्यांनी प्लीज नीट सांगा, तिथे मुलं बसून नक्की करतात काय आणि चौकशीला गेल्यावर आपण विचारायचं काय?

हिरवी_वाट

मोगराताई, बाकी सगळं नंतर, आधी पैशाचं बघा. आमच्या सोसायटीत एका कुटुंबाकडे एका ऑनलाईन कंपनीचा माणूस डेमो क्लासनंतर फोन करकरून मागे लागला, तुमच्या मुलात वेगळीच चमक आहे, आज नाव घातलं तर सूट, उद्या नाही. वर्षाचे ४८ हजार, 'हप्त्याने भरा, व्याज नाही'. तो हप्ता म्हणजे आईच्या नावावर काढलेलं कर्ज होतं, फायनान्स कंपनी वेगळीच. दोन महिन्यांत मुलाने क्लास सोडला तरी हप्ता कापला जातच होता, आणि क्लासवाले म्हणतात फायनान्सशी बोला, फायनान्सवाले म्हणतात क्लासशी बोला. शेवटी ग्राहक हेल्पलाईनला (१९१५) तक्रार केल्यावर हालचाल झाली.

शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सावध केलं होतं, खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका, फुकट म्हणून सांगतात त्याच्या अटी आधी वाचा. आणि त्याच्या आदल्या वर्षी जाहिरात मानक परिषदेने एका कोडिंग क्लासच्या कंपनीला जाहिराती मागे घ्यायला लावल्या होत्या. त्यामुळे कॉलनीतला क्लास असला तरी महिन्याच्या महिन्याला फी घेतात का हे विचारा. वर्षाची एकदम मागत असतील आणि 'मध्ये सोडलं तर काय' याचं उत्तर कागदावर देत नसतील तर मी तरी पुढे बोलणार नाही.

पाटीवाला

मी सांगलीत शिकवतो, दुसरी-तिसरीपासून दहावीपर्यंतची मुलं येतात, त्यामुळे आतली बाजू सांगतो, जरा लांबेल.

आधी वयाचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगचा उल्लेख आहे तो सहावी ते आठवीच्या टप्प्यात, सीबीएसईचा कोडिंगचा विषयही सहावीपासून. त्यामुळे चौथीत नाही घातलं तर मुलगी मागे पडेल वगैरे काही नाही. पण चौथीत जमत नाही असंही नाही. स्क्रॅच, म्हणजे टाईप न करता रंगीत ब्लॉक जोडून कोड करायचं सॉफ्टवेअर, बनलंय आठ ते सोळा वयासाठी, एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते २००७ मध्ये खुलं केलं, अजूनही फुकट आहे. त्याहून लहानांना, पाच ते सात, स्क्रॅच ज्युनियर. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तुम्ही फी भरणार ते सॉफ्टवेअर तुमच्या घरी आज रात्री उघडेल. फी असते ती समोर बसलेल्या माणसाची, तो माणूस कसा आहे तेवढंच बघायचं.

आता 'सहा महिन्यांत अ‍ॅप'. हे खोटं नसतं, पण ते अ‍ॅप बहुतेक वेळा सरांनी आधीच केलेलं असतं, मुलं फोटो बदलतात, रंग बदलतात, नाव घालतात, आणि पालकांच्या दिवशी ते मोबाईलवर चालतं. तुम्ही चौकशीला जाल तेव्हा डेमोच्या दिवशी जाऊ नका, मधल्याच कुठल्यातरी बुधवारी जा आणि एखाद्या मुलाला प्रेमाने विचारा, बाळा हे बटण दाबल्यावर असंच का होतं, मला जरा दुसरं काहीतरी करून दाखव. पोर लगेच ब्लॉक हलवायला लागलं तर क्लास चांगला. सरांकडे बघायला लागलं तर समजून जा.

माझ्याकडे साधारण दुसऱ्या महिन्यात ठिपक्यांची रांगोळी येते. नऊ ते पाच ठिपके, म्हणजे मधली ओळ नऊची आणि तिच्या वर-खाली आठ, सात, सहा, पाच. आधी कागदावर काढायची, कम्प्युटर बंद. मग विचारायचं एकूण ठिपके किती झाले, कुणी एकेक मोजतं, कुणाच्या लक्षात येतं की वरचे २६ तेच खालचे २६ आणि मधले ९, झाले ६१. मग स्क्रॅच उघडायचं. तिथला पडदा ४८० रुंद आणि ३६० उंच, शून्य बरोब्बर मध्यावर. दोन ठिपक्यांत ४० अंतर ठेवलं तर पाचाची ओळ उणे ८० पासून सुरू होते, सहाची उणे १०० पासून, असं करत नवाची उणे १६०. चौथीतल्या मुलांना ऋण संख्या शाळेत आलेल्या नसतात पण इथे 'मधल्या रेषेच्या डावीकडे' म्हटलं की त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. ओळ खाली सरकते ३५ ने. ३५ च का, ४० का नाही, हे मोठ्यांना त्रिकोण काढून दाखवतो, कारण ठिपके एकमेकांच्या मधोमध बसतात आणि समभुज त्रिकोणाची उंची बाजूपेक्षा कमी असते.

आणि मग चुकतं. पहिल्या दिवशी जवळपास सगळ्यांची रांगोळी पायऱ्यापायऱ्यांनी उजवीकडे पळत जाते, कारण ओळ संपल्यावर पेन परत डावीकडे आणायचं राहतं. इथे मी हात मागे बांधून उभा राहतो. मुलं एकमेकांच्या पडद्यात डोकावतात, भांडतात, आणि कुणीतरी ओरडतं 'अरे तू परत मागे गेलाच नाहीस'. ते ओरडणं ऐकायला मिळावं म्हणून मी हे शिकवतो. तर ताई, क्लासमध्ये गेल्यावर हे बघा, पोर अडलं की सर माउस स्वतःच्या हातात घेतात का. घेत असतील तर ते घाईत आहेत, त्यांना आज काहीतरी पूर्ण झालेलं दाखवायचंय.

ढगाआडून

पाटीवाला, रांगोळीचं फार भारी आहे, उद्या घरी करून बघतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि हा प्रश्न ऑफिसात रोज निघतो, आता एआय कोड लिहून देतंय तर पोरांना कशाला शिकवायचं.

मी स्वतः दिवसभर ती टूल्स वापरतो. ती वरची रांगोळी सांगितली तर दहा सेकंदांत कोड मिळेल, आणि बऱ्याचदा बरोबरही असेल. पण नाही आली बरोबर तर? रांगोळी पळतीये हे दिसतं सगळ्यांना, का पळतीये हे ज्याने स्वतः एकदा पळवलीये त्यालाच पटकन कळतं. नव्याने कामाला लागलेली मुलंमुली येतात त्यांच्यात हाच फरक दिसतो मला, कोड सगळ्यांकडे असतो, तो कुठे मोडलाय हे शोधायची चिकाटी थोड्यांकडे असते. आणि चिकाटीच म्हणतोय मी, हुशारी नाही. त्यामुळे चौथीच्या पत्रकावर एआय लिहिलेलं असेल तर सरळ विचारा की त्या तासाला काय करणार. मुलांनी स्वतः फोटो गोळा करून दोन वस्तू ओळखायला शिकवायचं असलं काही असेल तर उत्तम, मजा येते, आणि सगळे फोटो एकाच टेबलावर काढले तर ते यंत्र वस्तूऐवजी टेबलच ओळखायला लागतं हेही मुलांना दिसतं. नुसतं प्रश्न विचारून चित्रं मागवायची असतील तर त्यासाठी फी कशाला.

पायथन म्हणजे टाईप करून कोड लिहायची भाषा, तिची घाई नको. टायपिंग येत नसलेल्या मुलाला पायथन म्हणजे अर्धा तास कंस आणि स्वल्पविराम शोधण्यात जातो, वर ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा कमीजास्त झाली तरी ते चालत नाही, मुलं रडकुंडीला येतात. सहावी-सातवीत जा. तेव्हाही सुरुवातीला पायथनमध्येच असलेलं टर्टल, म्हणजे पडद्यावर रेषा काढत फिरणारं कासव, वापरा, तीच रांगोळी तिथे परत काढता येते. हे कासव फार जुनं आहे बरं का, लोगो भाषा १९६७ ची, सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांची. पुढे त्या कासवाने कित्येक देशांतल्या मुलांना भूमिती शिकवली. आमच्या शाळेत होतं लोगो, काळ्या पडद्यावर, आठवड्यातून एकदा, चपला बाहेर काढून कम्प्युटर रूममध्ये जायचो.

अक्षरवेडी

डिझाईनबद्दल मी बोलते, माझं कामच ते आहे, पुण्यात छोटा स्टुडिओ आहे.

मोगराताई, ती यादी वाचून मला वाईट वाटलं, कारण ती टूलांची यादी आहे. कॅनव्हामध्ये तयार साच्यात नाव बदललं की पोस्टर होतं, त्यात मुलीने एकही निर्णय घेतलेला नसतो. डिझाईन शिकवणं म्हणजे निर्णय घ्यायला लावणं. मी शनिवारी सोसायटीतल्या मुलांना बसवते, त्यांना एकच काम दिलं होतं, मंडळाच्या रक्तदान शिबिराचं पोस्टर, आणि अट अशी की दहा फुटांवरून जाणाऱ्या माणसाला थांबल्याशिवाय तारीख आणि जागा कळली पाहिजे. पहिल्या फेरीत सगळ्यांनी गणपती एवढा मोठा केला की तारखेला कोपरा उरला. मग प्रिंट काढून जिन्यात लावले आणि मुलांना खालून वर चालायला लावलं. कुणालाच तारीख वाचता आली नाही. त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही.

आणि आपल्या लिपीचं. बहुतेक क्लासमध्ये सगळं इंग्रजी अक्षरांतच शिकवतात कारण शिकवणाऱ्यालाही देवनागरी कशी हाताळायची माहीत नसतं. एका मुलाने 'रक्तदान' हा शब्द पोस्टरच्या रुंदीभर पसरवायला अक्षरांमधलं अंतर वाढवायचा स्लायडर ओढला, इंग्रजीत असं करतात ना सर्रास, आणि शिरोरेखा जागोजागी तुटली. तो म्हणाला, ताई हे दात पडल्यासारखं दिसतंय. मग आम्ही बसून बघितलं की शब्द मोठा करायचा तर अक्षराची जाडी बदल, आकार बदल, पण रेघ तोडू नकोस. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये 'क्त' फुटून क ला पाय आणि शेजारी त असं झालं, तिथे भारतीय लिप्यांचं सेटिंग वेगळं चालू करावं लागतं. ही अडचण फक्त मुलांनाच येते असं नाही, शहरातले फ्लेक्स बघा.

फॉन्टसाठी पैसे लागत नाहीत. मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट मोफत आहेत, बलू जाड आणि गुटगुटीत आहे म्हणून मुलांना फार आवडतो. वेक्टरसाठी, म्हणजे बिंदू आणि रेषांनी चित्र काढायला, इंकस्केप, तेही मोफत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर त्याचे धडे आहेत. पण आधी कागद, प्लीज. स्वतःचं नाव हाताने मोठं लिहायचं, पेनाने गिरवायचं, फोटो काढायचा आणि मग इंकस्केपमध्ये त्याच्यावरून रेषा ओढायची. 'व' चा गोल काढायला मुलं आधी तीस-तीस बिंदू टाकतात आणि तो गोल खडबडीत होतो, मग कळतं की चार-पाच बिंदू योग्य जागी ठेवले आणि त्यांच्या दांड्या नीट ओढल्या तर तोच गोल एकदम गुळगुळीत येतो. हे जमलं की मुलं तासभर जागची हलत नाहीत.

अक्षरकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींची नावं कशी लिहिली ते मुलांना दाखवा. र. कृ. जोशींनी तर मंगल फॉन्ट केला, म्हणजे कितीतरी वर्षं आपण सगळे विंडोजवर त्यांचंच अक्षर वाचत होतो. मुलांना हे सांगितलं की ती चकित होतात, फॉन्ट कुणीतरी माणसाने बसून काढलेला असतो हे त्यांच्या गावीही नसतं.

अवांतर: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट देणाऱ्या मुलांनी संकल्पचित्र आणि अक्षरलेखनाचा जो अभ्यास केलेला असतो तो इथे सरळ कामाला येतो. माझा सल्ला विचाराल तर चित्रकलेच्या चांगल्या बाईंकडे एक वर्ष आणि मग डिजिटल.

सातपुडा

सगळं वाचतोय, चांगलं चाललंय. पण माझी शंका वेगळी. मुलगा अकरा वर्षांचा, चष्मा लागलाय, नंबर वाढतोय. शाळेत स्मार्ट बोर्ड, घरी आल्यावर मोबाईल, त्यात हा दीड तास. डॉक्टर म्हणाले बाहेर उन्हात खेळायला पाठवा, लांबचं धूसर दिसण्याच्या नंबराला त्याने फायदा होतो. मग संध्याकाळचा पाच ते साडेसहा हाच तर मैदानाचा वेळ, तो कोडिंगला द्यायचा का?

मोगरा_नाशिक

सातपुडाभाऊ, नवराही हेच म्हणतो.

पाटीवाला

सातपुडा साहेब, हे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि म्हणून मी रोजचे क्लास घेतच नाही. आठवड्यातून दोनदा, नव्वद मिनिटं, त्यातली निम्मी वही आणि आलेख कागदावर. मैदान बुडत असेल तर क्लास नको, हे मी पालकांना तोंडावर सांगतो. शनिवार-रविवार सकाळची बॅच मागा, चार पालकांनी मिळून मागितली तर क्लासवाले देतात. आणि मोबाईलवर होमवर्क देणारा क्लास असेल तर स्पष्ट नाही म्हणा. लहान पडद्यावर ब्लॉक ओढायला डोळे आणखी जवळ न्यावे लागतात.

खानदेशी_मास्तर

मी जळगाव जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. इथे क्लास वगैरे प्रश्नच नाही, शाळेत जे होईल तेवढंच. चार कम्प्युटर, त्यातले दोन चालतात, वीज दुपारी असते-नसते. तरी सांगतो, पडद्याशिवाय बरंच होतं.

पाच मुलं ओळीत उभी करायची, प्रत्येकाच्या हातात पुठ्ठा, त्यावर ठिपके, उजवीकडून १, २, ४, ८, १६. पुठ्ठा दाखवला तर धरायचा, पालथा केला तर सोडायचा. आता बाकीच्या मुलांनी आपली जन्मतारीख ओरडून सांगायची आणि त्या पाच जणांनी ती करून दाखवायची. १९ म्हटलं की १६, २ आणि १ वर, बाकी पालथे. शून्यापासून ३१ पर्यंत प्रत्येक संख्या होते, म्हणजे महिन्यातली कुठलीही तारीख. तिसरीतली मुलं सुद्धा दोन दिवसांत बोटांवर करायला लागतात. कम्प्युटरच्या पोटात हेच चालतं हे मग सांगायचं, आधी नाही. ही युक्ती मूळ न्यूझीलंडमधल्या शिक्षकांची, तिथल्या विद्यापीठातल्या टिम बेल यांच्या गटाने असे बरेच खेळ तयार केलेत. आपल्याकडे एसीएम इंडिया या कम्प्युटर क्षेत्रातल्या लोकांच्या संघटनेचा सीएसपाठशाला म्हणून उपक्रम आहे, २०१६ पासून, त्यांचं साहित्य शाळांसाठी खुलं आहे, मी तिथूनच सुरुवात केली.

स्क्रॅच इंटरनेटशिवाय चालतं, एकदा तालुक्याहून पेन ड्राईव्हवर आणून टाकलं की झालं. एका कम्प्युटरवर तिघं, एक माउस धरणार, एक वही धरणार, एक नुसता चुका शोधणार, दर दहा मिनिटांनी जागा बदलायची. चुका शोधणाऱ्याची जागा सगळ्यांना हवी असते.

शहरातल्या पालकांना एक विनंती. तुमच्या मुलांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का बघा. २०१६ मध्ये नीती आयोगाच्या योजनेतून सुरू झाल्या, सहावी ते बारावीसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, देशात १० हजारांच्या घरात आहेत. कितीतरी ठिकाणी थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सर कुलपात असतात, शिक्षकांना वेळ नसतो. पालक सभेत उभं राहून विचारा की आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर लॅब उघडी ठेवता का, आम्ही दोघं-तिघं येऊन बसू. ते कुलूप पालकांनी विचारल्याशिवाय निघत नाही. आणि मुलांना एकदा पुण्याजवळ पाबळला विज्ञान आश्रमात घेऊन जा, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये उभा केला, तिथली फॅब लॅब, म्हणजे यंत्रांवर वस्तू बनवायची कार्यशाळा, एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. गावातली मुलं तिथे हाताने यंत्रं करतात, ते बघितल्यावर पत्रकं वाचायची गरज राहत नाही.

लीड्सकर

मास्तर, सलाम. इकडचं सांगते. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून कम्प्युटिंग हा विषय पाच वर्षांच्या मुलांपासून आहे, २०१६ मध्ये शाळेच्या 'इयर सेव्हन'मधल्या, म्हणजे अकरा-बारा वयाच्या मुलांना बीबीसीने मायक्रोबिट फुकट वाटले, तळहातापेक्षा लहान सर्किट, पंचवीस लाल दिवे, दोन बटणं. माझ्या लेकाने त्यावर आजीसाठी पावलं मोजायचं यंत्र केलं, मोज्यात बांधून ठेवायची ती. आणि तरीही इथले आपले लोक मुलांना महागड्या क्लासला घालतातच, कारण शेजारच्यांनी घातलं.

मला आवडलं ते कोड क्लब. २०१२ मध्ये सुरू झाले, शाळा सुटल्यावर शाळेतच, तासभर, फुकट, स्वयंसेवक शिकवतात. मी दोन वर्षं जातेय. त्यांचे प्रोजेक्ट नेटवर सगळ्यांना मोफत आहेत, पायरीपायरीने. मोगरा, तुमच्या कॉलनीत आयटीतलं कुणी असेल तर क्लबहाऊसमध्ये चार लॅपटॉप मांडून रविवारी सकाळी हे सहज होईल, तज्ज्ञ लागत नाही, मुलांच्या शेजारी बसून 'मलाही माहीत नाही, चल बघू' म्हणणारा माणूस लागतो.

एक मात्र इथल्या शिस्तीतलं आवर्जून सांगेन. स्क्रॅचवर खातं काढताना मुलाचं खरं नाव, शाळा, फोटो काही घालायचं नाही, टोपणनाव घ्यायचं. मुलं प्रोजेक्ट शेअर करतात, खाली अनोळखी मुलं कमेंट करतात, ते शेजारी बसून बघा. आणि क्लासवाले मुलांचे चेहरे, नावं, बक्षिसं फेसबुकवर टाकतात, त्याला तुमची परवानगी घेतली का? भारतातही २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा झालाय, त्यात अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायला सांगितलीये. फॉर्मवर बारीक अक्षरात ती घेतलेली असते, खोडून सही करा.

हिरवी_वाट

लीड्सकर +१. फोटोंचं तर फारच. सर्टिफिकेट हातात धरून पोरांना उभं करतात आणि पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत तोच फोटो.

मोगरा_नाशिक

सगळ्यांचे खूप आभार. काल दोन्ही क्लासला जाऊन आले, न सांगता, पाटीवाला दादांनी म्हटलं तसं. अ‍ॅपवाल्यांकडे आत बसूच देईनात, 'मुलांचं लक्ष जातं'. दुसरीकडे एक तरुण मुलगी शिकवते, सहा मुलं होती, बसा म्हणाली. एका मुलाची पडद्यावरची मांजर भिंतीतून आरपार जात होती, तिने विचारलं की भिंत आहे हे मांजरीला कसं कळणार, आणि ती पुढच्या मुलाकडे निघून गेली. तो बसला डोकं खाजवत. मी निघेपर्यंत त्याने भिंतीला रंग दिला होता आणि रंगाला शिवल्यावर मागे फिर असं काहीतरी जोडलं होतं. तिला मी यादीबद्दल विचारलं तर म्हणाली पत्रक मालकांनी छापलंय, मी वर्षभर स्क्रॅच आणि चित्रंच घेते. फी महिन्याची, शनिवारची बॅच आहे. तिथे घालतेय.

अक्षरवेडी

त्या मुलीला जपा. अशा शिकवणाऱ्यांना मालक पगार फार कमी देतात आणि त्या वर्षभरात सोडून जातात. तुम्ही पालकांनी मालकांना सांगा की आम्ही तिच्यामुळे आलो.

सातपुडा

पाटीवाला, रविवारी मुलाबरोबर रांगोळी करायला बसलो, क्लास न लावता. वरची अर्धी मस्त आली, पाच सहा सात आठ नऊ. खालच्या अर्ध्यासाठी दुसरं रिपीट, म्हणजे तेच परत परत करायचा ब्लॉक, जोडलं, चार वेळा, दर ओळीला एक ठिपका कमी. पण नवाच्या खाली दहाची ओळ येतेय, मग नऊ, आठ, सात, आणि तिथेच संपतं. मुलगा म्हणतो कम्प्युटर चुकतोय. दोघंही अडलोय, सांगा.

पाटीवाला

वा! पहिलं रिपीट संपतं त्या क्षणी 'ठिपके' या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा साठवायच्या डबीत, किती असतं ते पडद्यावर बघायला सांगा त्याला. व्हेरिएबलच्या नावापुढच्या चौकटीत टिक केलं की आकडा दिसतो. उत्तर मी सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.

खानदेशी_मास्तर

त्याचं झालं की दुसरा रस्ताही दाखवा. दोन रिपीट नकोतच, एकच घ्यायचं नऊ वेळा, आणि ओळीचा नंबर उणे ४ पासून अधिक ४ पर्यंत मोजायचा. मधली ओळ शून्य. ठिपके म्हणजे नवातून त्या नंबराचं चिन्ह काढून टाकलेली किंमत वजा, स्क्रॅचमध्ये त्यासाठी एबीएसचा ब्लॉक आहे. वरची चौथी ओळ असो की खालची चौथी, पाचच येतात. आमच्याकडे सातवीतल्या एका मुलीने हे आपणहून काढलं होतं.

सातपुडा

सापडलं!! नवाची ओळ काढून झाल्यावरही एक वाढतोच, म्हणून बाहेर पडताना तिथे दहा असतात. त्याने मध्ये 'दोनने कमी कर' असं टाकलं आणि खाली आठपासून सुरू झालं. आता मास्तरांचं करून बघतोय. आईला बोलावून दाखवलं तर ती म्हणाली ठिपके झाले, रेषा कधी जोडणार, तर आता तो कागदावर ठिपके काढून कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा त्याची यादी करतोय. वळणाच्या रेषा कशा काढायच्या स्क्रॅचमध्ये?

पाटीवाला

थोडं पुढे जा, थोडं वळ, हे रिपीटमध्ये. दोन पावलं आणि पाच अंश घेतले तर ७२ वेळा केल्यावर पूर्ण गोल होतो, अर्धा हवा तर ३६. पावलं वाढवली की गोल मोठा. आधी एकाच ठिपक्याभोवती एक कुरळी काढायला सांगा, बाकीच्या साठांचं मग बघू.